दुपारचं शून्य

सहा नंबरच्या वॉर्डात ज्यांच्या कागदावर १-०-१ लिहिलेलं असे, ते पेशंट दुपारी एक ते चार नसत. सकाळी एक गोळी, दुपारी काही नाही, रात्री एक गोळी. एकचा टोला पडला की त्यांच्या अंगावरची चादर हळूच खाली बसे. उशीवर डोक्याचा खळगा राही आणि पलंगाखाली सपाता तशाच. चार वाजता चादर पुन्हा वर येई, माणूस कूस बदले आणि चहा कुठे अडला म्हणून विचारी.

याबद्दल कोणी तक्रार केली नव्हती. फरशी त्या वेळात पुसून होई. ज्यांना तिन्ही वेळा गोळ्या होत्या असे दोघे दुपारी वॉर्डात असत. ते खिडकीजवळ पत्ते खेळत आणि तिसरा भिडू नाही म्हणून कुरकुरत, एवढंच.

शालन बारटक्के त्या इस्पितळात एकतीस वर्षं होत्या. सुरुवातीला औषधांच्या खिडकीत, मग खिडकीच्या आत आणि गेली बारा वर्षं वॉर्डात. दरवाजावरच्या पाटीवर 'क्लिनिकल फार्मासिस्ट' असं लिहिलेलं होतं. गावातले लोक त्यांना औषधवाल्या बाई म्हणत. काम असं की रोज सकाळी प्रत्येक पलंगापाशी जायचं, रिपोर्ट बघायचे, कुठली गोळी कुठल्या गोळीशी भांडते ते बघायचं, मूत्रपिंड थकलं असेल तर डोस किती उतरवायचा ते काढायचं आणि कागदाच्या कडेला हिरव्या शाईने लिहायचं. डॉक्टरांची शाई निळी, सिस्टरची लाल, फार्मासिस्टची हिरवी. निळ्या शाईने हुकूम होई, लाल शाईने तो पार पडे. हिरव्या शाईने फक्त सुचवायचं. शालनताईंनी सुचवलेलं चुकलं असं एकतीस वर्षांत झालं नव्हतं.

त्यांना हे सगळं शिकवलं ते तात्यांनी. गंगाधर तात्या शेंबेकर, इस्पितळाचे जुने कंपाउंडर. शालनताई एकोणीस वर्षांच्या असताना तात्यांच्या हाताखाली आल्या, तेव्हा अर्धी औषधं गोळ्यांची नसतच. मिक्श्चर असे. मोठ्या बरण्यांतून मापाने ओतायचं, वरून बडीशेपेचा अर्क, बूच लावून हलवायचं. मग बाटलीच्या अंगाला कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टीच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. सकाळची, दुपारची, रात्रीची. ज्याला वाचता येत नसे त्यालाही बोट लावून कळे. तात्या डोळे मिटून खाचा कापत आणि सगळ्या सारख्या येत. डिंकाची वाटी त्यांच्या डाव्या हाताला असे. त्या खोलीचा वास शालनताईंना अजूनही कधी कधी जिना चढताना येई.

तात्यांचा एक नियम होता. एखाद्या वेळी औषध नसेल तर तिथे आडवी रेघ मारायची, शून्य काढायचं नाही.

"का हो तात्या?" शालनताईंनी तेव्हा विचारलं होतं.

"शून्याच्या आत जागा असते. रेघेच्या आत काही मावत नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे रेघ मार. आणि वळण सुधार, कोंबडीचा पाय वाटतो तुझा 'क'."

पुढे मिक्श्चरं गेली, बरण्या भंगारात गेल्या, तात्या निवृत्त होऊन नदीपलीकडे गावी गेले. छापील कागद आले. त्यांत तीन चौकोन होते आणि चौकोनात आकडाच हवा असा नियम होता. शालनताईही सगळ्यांबरोबर शून्य काढू लागल्या. त्यांचं शून्य फार सुरेख येई, एका दमात, जोड न दिसणारं.

आता तात्या शहाऐंशी वर्षांचे होते आणि सहा नंबरच्या वॉर्डात, नवव्या पलंगावर होते. त्यांना गोळी तीन वेळा होती. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. मूत्रपिंडांचं काम निम्म्यावर उतरलं होतं. शालनताईंनी हिशेब दोनदा केला आणि कडेला हिरव्या शाईने लिहिलं : १-०-१ करावे. डॉक्टर किरकिरे तरुण आणि सरळ माणूस. त्यांनी ते वाचलं, "बरोबर आहे बाई," म्हणाले आणि चौकोनात निळ्या शाईने तसंच लिहिलं.

त्या दिवशी एक वाजता तात्यांची चादर खाली बसली.

चार वाजता ते परत आले तेव्हा शालनताई पलंगाशी उभ्या होत्या. तात्यांच्या बोटांना डिंक लागला होता आणि अंगाला बडीशेपेचा वास येत होता.

"कुठे होतात?"

"कामावर," तात्या म्हणाले. "खूप लोक आहेत गं तिकडे. कुणाकडेच पट्टी नाही. किती प्यायचं, कधी प्यायचं, कुणाला ठाऊक नाही. बाटल्या घेऊन नुसते बसलेत."

"दमलात?"

"छे. कात्री बोथट आहे, एवढंच."

शालनताईंनी ओल्या फडक्याने त्यांची बोटं पुसली. डोस बरोबर होता. तो वाढवता येत नव्हता. वाढवला असता तर तात्या दुपारी पलंगावर असते आणि आठवड्याभरात कुठेच नसते.

यात अडचण एकच होती. ती गुरुवारी आली. तिचं नाव कुंदा.

कुंदा तात्यांची मुलगी. नदीपलीकडच्या गावाहून इस्पितळाच्या गावी एकच एसटी येई, तीही गुरुवारी, बाजाराच्या दिवशी. स्टँडवर एक वाजून दहा मिनिटांनी. साडेतीनला तीच गाडी परत फिरे. पहिल्या गुरुवारी कुंदा दीडला वॉर्डात आली, नवव्या पलंगाशी स्टुलावर बसली आणि उशीच्या खळग्याकडे बघत राहिली.

"आत्ता येतील का?"

"चार वाजता," शालनताई म्हणाल्या.

"माझी गाडी साडेतीनला आहे."

"हो."

"लहानपणापासून असंच आहे बाई. शाळेच्या गॅदरिंगला यायचे ते पडदा पडल्यावर." ती थोडी हसली. मग तिने पिशवीतून डबा काढून कपाटावर ठेवला. "मुगाची खिचडी आहे. निवेल. पण सांगा, मीठ कमी घातलंय, डॉक्टरांनी सांगितलं तसं."

तात्यांनी ती चार वाजता खाल्ली. ती निवलेली नव्हती. डबा धुऊन त्यांनी त्यात कागदाची एक पट्टी ठेवली. तिला एकच खाच होती, मधोमध. पुढच्या गुरुवारी कुंदाने ती पट्टी डब्यातून काढली, खाचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दुपार म्हणायचंय त्यांना. मी दुपारी येते ना." ती पट्टी तिने पदराच्या टोकाला बांधली. त्या दिवशीही ती साडेतीनपर्यंत बसली आणि जाताना उशीचा खळगा हाताने नीट केला, बाळाची टोपी नीट करावी तसा.

दारात ती थांबली. "मला काही मोठं बोलायचं नाहीये त्यांच्याशी. नुसतं बघायचंय एकदा. एवढं जमवा ना, बाई."

शालनताई "बघते" म्हणाल्या. त्या आयुष्यात कोणाला उगीच "बघते" म्हणाल्या नव्हत्या.

त्यांनी आधी सरळ मार्ग धरला. दुपारी एक साधी ताकदीची गोळी द्यावी असं सुचवलं, म्हणजे मधल्या चौकोनात एक येईल. डॉक्टरांनी तशी लिहिली. पण नवा आकडा पहिली गोळी घेतल्यावरच लागू होई आणि दुपारी ती घ्यायला तात्या नव्हते. सिस्टर फिलोमिना वाटीत गोळी घेऊन पलंगाशी पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मग त्यांनी लाल शाईने 'पेशंट जागेवर नाही' असं लिहिलं आणि गोळी परत पाठवली. तीन दिवस असं झाल्यावर नियमाप्रमाणे ती बंद झाली. चौकोनात पुन्हा शून्य आलं.

सिस्टर फिलोमिना वसईकडच्या. वॉर्ड त्यांच्या ताब्यात होता. त्याच आठवड्यात ड्यूटीचे कागदही छापील आले. सिस्टरची ड्यूटी सकाळ-संध्याकाळ होती, म्हणून त्यांच्या नावापुढे १-०-१ आलं.

"मला काय, दुपारची झोप मिळेल," त्या म्हणाल्या आणि एकला गेल्या. टेबलावर त्यांचा चष्मा राहिला. चारला परतल्या तेव्हा हातात विणकाम होतं, अर्धी वीत वाढलेलं.

"कसं आहे तिकडे?" शालनताईंनी विचारलं.

"ऊन आहे. सावली मात्र नाही कशालाच. तुमचे तात्या सारखे ओरडतात. सुया तिथे ठेवू नका, इथे डिंक आहे म्हणून."

मग एसटीच्या वेळापत्रकाच्या पाटीवर रंग दिला गेला, गुरुवारची ओळ तेवढी जुनीच राहिली. कँटीनच्या फळ्यावर चहाच्या वेळा लिहिल्या गेल्या. सगळीकडे मधल्या जागी शून्य येत गेलं आणि दुपारी इस्पितळाच्या व्हरांड्यांतून चालताना शालनताईंना आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येऊ लागला. तो आधी पुढून यायचा आणि मग पायाखालून. पत्ते खेळणाऱ्यांपैकी एकाची गोळी कमी झाली. दुसरा एकटाच बसून दोघांचे पत्ते टाकू लागला आणि दोन्हीकडून हरू लागला.

बुधवारी कर्मचाऱ्यांची तपासणी होती. डॉक्टर किरकिऱ्यांनी शालनताईंच्या दंडाला पट्टा बांधला.

"दाब वाढलाय, बाई."

"किती?"

त्यांनी सांगितलं. शालनताईंनी मनात औषध निवडलं, डोस काढला. डॉक्टरांनी तेच औषध, तोच डोस लिहिला आणि पुढे निळ्या शाईने १-०-१. त्यात सुचवण्यासारखं काही नव्हतं. कागद सहा नंबरच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात गेला.

"कधीपासून?"

"उद्या सकाळपासून घ्या. आणि शेंबेकरांचा नवा रिपोर्ट आलाय. शुक्रवारपासून ०-०-१ करावं लागेल ना?"

शालनताईंनी रिपोर्ट पाहिला. "करावं लागेल," त्या म्हणाल्या. म्हणजे शुक्रवारपासून तात्या रात्रीच असणार होते. आणि रात्री गाडी नव्हती, कुठल्याच वारी.

त्या संध्याकाळी घरी भाजी निवडताना त्यांना तात्यांची रेघ आठवली. इतकी वर्षं ती त्यांच्याजवळच होती, हात पुरेल इतक्या अंतरावर.

गुरुवारी सकाळी त्यांनी आपली गोळी घेतली, इस्पितळात आल्या आणि डॉक्टरांना जिन्यात गाठलं.

"डॉक्टर, कागदांवर चूक आहे."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या. डोस बरोबर आहेत. खूण चुकलीय. दुपारी शून्य नको, रेघ हवी."

"कागदावर खाडाखोड चालत नाही, बाई."

"खाडाखोड नाही. चूक झाली तर काय करायचं, नियम आहे. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खाली चूक करणाऱ्याची सही."

डॉक्टरांनी हवेत बोटाने शून्य काढलं आणि त्यावर रेघ मारली. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे दुरुस्ती केली की तीच रेघ!"

"तीच."

"छान आहे. आज ओपीडी संपली की सगळा गठ्ठा घेऊन बसतो. शेंबेकरांचं तुमच्या सुचवण्यावरून होतं. त्याच्यावर तुम्हीच सही करा."

तशी सही शालनताईंनी कधी केली नव्हती. एकतीस वर्षांत त्यांच्या हिरव्या अक्षरावर एकही आडवी रेघ नव्हती. निवृत्त होताना हे कोणीतरी भाषणात म्हणेल असं त्यांना वाटत असे. त्या सकाळभर इतर पलंगांपाशी रेंगाळल्या. एका बाईंना इन्सुलिनची सुई कुठे टोचायची ते तीनदा समजावलं. बाई म्हणाल्या, "कळलं हो पहिल्याच वेळी." पावणेएक झाले तेव्हा शालनताई नवव्या पलंगाशी आल्या.

तात्या बसून नखं बघत होते.

"तात्या, आज कुंदा येतेय. तुम्ही आज जाऊ नका."

"बरं. पण तिकडे कोण बघेल?"

"बघेल कोणीतरी."

"दुसरा कंपाउंडर नाही तिथे, शालू. माणसं खोळंबतील. काल चाळीस पट्ट्या चिकटवल्या, अजून तितक्याच राहिल्यात."

शालनताईंनी कागद गुडघ्यावर घेतला. "मी शून्यावर रेघ मारतेय. तुमच्याच नियमाप्रमाणे."

तात्यांनी शालनताईंच्या मनगटावर हात ठेवला. हात हलका होता, रिकाम्या पाकिटासारखा. "मार. मी इथे आहे तोवर मार. आत माणूस असताना कधी रेघ मारायची नाही, एवढं लक्षात ठेव."

"मारली तर?"

"सांगितलं होतं ना तुला. रेघेच्या आत काही मावत नाही."

शालनताईंना गठ्ठा आठवला. डॉक्टरांची ओपीडी एक वाजता संपे, सगळे आत गेल्यावर. घड्याळात एकला सहा मिनिटं होती.

त्यांनी रेघ मारली, आधी चौकोनातल्या निळ्या शून्यावर, मग कडेच्या आपल्या. सुरेख शून्याच्या डाव्या अंगाला पेन टेकवलं आणि उजव्या अंगाबाहेर काढलं. खाली 'चूक' असं लिहिलं आणि पूर्ण नाव घातलं. 'क' अजूनही कोंबडीच्या पायासारखाच आला. कागद फिकट झाला नाही, काही हललं नाही. फक्त तात्यांच्या अंगावरची चादर एकदम जड दिसू लागली, पाऊस खाल्लेल्या धोतरासारखी.

"भूक लागली," तात्या म्हणाले.

शालनताई सिस्टरच्या टेबलाकडे गेल्या. सिस्टर फिलोमिना विणकाम पिशवीत भरत होत्या. शालनताईंनी ओपीडीला फोन लावला. तो तिकडे वाजू लागला. सात वेळा वाजला, आठ वेळा वाजला. गठ्ठा टेबलावरच होता आणि सगळ्यांत वर त्यांचा स्वतःचा कागद. पेन नवव्या पलंगावर राहिलं होतं. त्या रिसीव्हर धरून उभ्या राहिल्या. पलीकडे कोणीतरी फोन उचलला.

"बोला."

"डॉक्टर, मी बारटक्के. त्या सगळ्या कागदांवरच्या रेघा चार वाजेपर्यंत—"

एकचा टोला पडला.

मराठीत 'नका' हा शब्द शेवटी येतो. शालनताई तिथवर पोहोचल्या नाहीत.

तिकडे ऊन होतं. सिस्टरने सांगितलं तसंच, सावली नसलेलं. जमीन पांढरी होती आणि सगळ्या बाजूंनी किंचित वर वळत गेलेली. कुठे जोड दिसत नव्हता. कडेने माणसं बसली होती, ओळखीची बरीच, आणि प्रत्येकाच्या मांडीवर बाटली होती. मध्ये एक टेबल, टेबलावर कोऱ्या कागदाचा ताव, डावीकडे डिंकाची वाटी, उजवीकडे कात्री. वास तोच होता. शालनताईंना क्षणभर आपण एकोणीस वर्षांच्या आहोत आणि आत्ता वळणावरून बोलणी खाणार आहोत असं वाटलं.

"मॅडम, या," सिस्टर फिलोमिना विणता विणता म्हणाल्या. "आज तात्या नाहीत वाटतं?"

"नाहीत."

"मग बसा. लोक खोळंबलेत."

शालनताई टेबलाशी बसल्या. वर आकाश लंबगोल होतं आणि त्यातून वॉर्ड दिसत होता, विहिरीच्या तळातून काठ दिसावा तसा. नववा पलंग दिसत होता. तात्या पाय खाली सोडून बसले होते. थोड्या वेळाने कुंदा आली. ती दारातच थांबली. मग हातातला डबा खाली ठेवायचं विसरून सरळ चालत आली आणि बापासमोर उभी राहिली.

"आज बरे वेळेवर सापडलात!" तिचा आवाज उन्हातून खाली आला.

"तूच उशिरा आलीस," तात्या म्हणाले. "आण ती खिचडी. मीठ घातलंयस का आज तरी?"

कुंदा हसायला लागली आणि तिला ते आवरेना. पदराच्या टोकाने ती डोळे टिपू लागली, तेव्हा तिथे गाठ लागली. ती सोडून तिने पट्टी काढली आणि तात्यांच्या हातात दिली. तात्यांनी खाचेवर बोट ठेवलं. दोघं तसेच बसले. तात्यांची पाठ वॉर्डाच्या दाराकडे होती.

दारातून डॉक्टर किरकिरे आले. लोंबकळणारा रिसीव्हर त्यांनी जागेवर ठेवला, खुर्ची ओढली.

"चार वाजेपर्यंत म्हणाल्यात बाई," ते स्वतःशीच म्हणाले. "होऊन जाईल."

त्यांनी गठ्ठा पुढे घेतला.

शालनताईंनी ताव दुमडला, कात्री उचलली. ती खरंच बोथट होती. रांगेतला पहिला माणूस बाटली घेऊन पुढे आला आणि त्याने ती टेबलावर नीट, कोरी बाजू त्यांच्याकडे करून ठेवली.

"किती खाचा पाडू?" त्यांनी विचारलं.

वर, अगदी जवळ, पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज झाला.